आधी पद, मग पदवी

‘नीट’चा निकाल लागला की माझ्या घरी पालकांची ये-जा वाढते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर मी एएनएम (सहायक परिचारिका) म्हणून नोकरी केली आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. ज्यांच्या बाळंतपणाला मी होते, त्याच बाया आता त्या लेकरांना घेऊन येतात. “सिस्टर, लातूरला क्लासला ठेवलं होतं, पण मार्क कमी पडले. आता काय करावं?” २०२४ मध्ये देशभरातून २४ लाखांहून अधिक मुलांनी ‘नीट’साठी नाव नोंदवलं होतं आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. तेव्हा हा प्रश्न बीडपुरता नाही, घरोघरचा आहे.

अलीकडे या पालकांच्या हातात रंगीत माहितीपत्रकं असतात. बी.एस्सी. कम्युनिटी हेल्थ, बॅचलर ऑफ पब्लिक हेल्थ अशी अभ्यासक्रमांची नावं. बारावीनंतर तीन-चार वर्षं शिकायचं, खाली नोकरीच्या संधींची मोठी यादी. मुलगी विचारते, “हे घेऊ का?”

सामुदायिक आरोग्य हे माझ्या आयुष्याचं काम आहे. बारावी झालेल्या हुशार, खेड्यातल्या मुलीनं शिकावं असं याहून मोलाचं फार थोडं असेल, असं मी मनापासून मानते. तरीही आज तिला “घे” म्हणायला जीभ रेटत नाही. कारण ते शिकून आलेल्या मुलीला आपल्या राज्यात बसायला खुर्ची नाही. केवळ या पदवीसाठी राखलेलं, कायम, वेतनश्रेणीतलं पद माझ्या सगळ्या नोकरीत मी जिल्हा परिषदेत पाहिलं नाही. सरकारनं आधी ते पद निर्माण करावं आणि मगच महाविद्यालयांना पदवी काढू द्यावी, हे मला सांगायचं आहे.

सामुदायिक आरोग्य म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा ऊसतोडीच्या बायांकडे पाहिलं की लवकर समजतं. दिवाळीच्या आगेमागे आमच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात उसाच्या फडात राहायचं. राहायच्या कोपीला (खोपटाला) संडास नाही, न्हाणी नाही. पहाटे अंधारात उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि ते दुखणं सगळा हंगाम अंगावर काढलं जातं. गावी परतल्यावर बाई एखाद्या खासगी दवाखान्यात जाते. तिथं तिला सांगितलं जातं की पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल. ती पुन्हा उचल घेते, ऑपरेशन करून घेते, आणि ते पैसे फेडायला परत फडात जाते.

गृहभेटीला गेले की तिशीतल्या बाया सहज सांगायच्या, “माझी पिशवी काढलीय, जावेची पण काढलीय.” २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

या १३ हजार जणींपैकी प्रत्येकीला डॉक्टर भेटला होता. डॉक्टर नसणं हे तिथलं दुखणं नव्हतंच. नव्हता तो असा माणूस, जो गावातल्या शस्त्रक्रिया मोजेल, त्या कोणत्या वयाच्या बायांच्या, कोणत्या दवाखान्यात आणि कोणत्या महिन्यांत झाल्या हे मांडेल, आणि तो कागद वरच्या अधिकाऱ्यापुढे ठेवून विचारेल की हे असं का होतंय. पांढरं जायला लागलं तेव्हाच तपासणी आणि गोळ्यांचा पूर्ण डोस देता आला असता. फडावर पाणी आणि संडास मागता आला असता. मुकादमाशी, कारखान्याशी, फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलता आलं असतं. एएनएमच्या रजिस्टरात गरोदर माता, लसीकरण, कुटुंबनियोजन असे रकाने असतात. तिशीत पिशवी गमावलेल्या बाईसाठी रकानाच नव्हता. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती कुणाच्याच कामाच्या यादीत येत नाही.

हे काम नुसत्या तळमळीनं होत नाही, त्याला शास्त्र लागतं. विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर किती टाकायची, हे विहिरीचा घेर आणि पाण्याची खोली मोजून काढावं लागतं. टाकल्यावर थांबून क्लोरीन तपासणारे ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब घालायचे आणि पाणी पिवळं होतंय का ते पाहायचं. पाण्याचे स्रोत धोक्याचे आढळले तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं. मग चिडलेल्या सरपंचाला समजावून जलवाहिनीची गळती त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची, हाही अभ्यासाचाच भाग आहे. जुलाबाची साथ आली की पहिला रुग्ण कोण, त्याच्या घरी पाणी कुठून येतं, शेजारी कोण आजारी पडलं, हे एका कागदावर मांडत जावं लागतं. लसीकरणाची टक्केवारी काढताना खालचा आकडा कोणता धरायचा, हे समजावं लागतं. सर्वेक्षणाच्या वेळी जी लेकरं फडावर आहेत ती यादीतच आली नाहीत, तर रजिस्टर शंभर टक्के दाखवतं आणि गोवर वस्तीत शिरतो. अंगणवाडीत वजनाच्या तक्त्यावर रेघ खाली आली की लेकराला खायला मिळत नाही, की त्याला वारंवार जुलाब होतात, की आई दिवसभर शेतात असल्यानं त्याला भरवणारं कुणी नाही, यातलं नेमकं कारण शोधावं लागतं.

यातलं थोडं मी दहावीनंतरच्या दीड वर्षाच्या एएनएम कोर्समध्ये शिकले आणि बाकीचं माझ्या आधीच्या सिस्टरांकडून. आता आम्ही एकेक करून निवृत्त होतोय आणि ते ज्ञान आमच्याबरोबर घरी येतंय. नव्यानं लागलेली मुलगी सगळं पहिल्यापासून शोधते. ज्या कामाला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, शिक्षक नाहीत, त्याचं ज्ञान असंच दर पिढीला गळून जातं. म्हणून या विषयाची पदवी हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

लोक म्हणतात, डॉक्टरांना पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवतातच की. शिकवतात. १९४६ मध्ये भोर समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला तेव्हाच डॉक्टर समाजाकडे पाहणारा असावा, असं म्हटलं होतं. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शिबिरासाठी खेड्यात मुक्कामाला नेण्याची प्रथा पाडली. २०२२ पासून एमबीबीएसच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा, असा नियमही आला. हे सगळं चांगलंच आहे. पण आमच्या केंद्रावर येणारे इंटर्न मी जवळून पाहिले आहेत. हुशार, मनमिळाऊ मुलं, पण फावल्या वेळात हातात पीजीच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या करिअरची शिडी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलाकडेच लावलेली आहे. गावात वर्षानुवर्षं राहून गावाचं आरोग्य हाच आपला व्यवसाय मानणारा माणूस वेगळा घडवावा लागेल, आणि त्याच्यासाठी शिडीही वेगळी लावावी लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आमच्या पाटोद्याला लागूनच जामखेड तालुका. तिथं १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या. त्यांनी बाळंतपणं सांभाळली, कुष्ठरुग्णांना गावात परत स्थान मिळवून दिलं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत स्थानिक बायांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते जगापुढे मांडलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, ती योजना त्यातूनच आली. मग निरक्षर बाईला जे जमलं त्याला पदवी कशाला?

याचं उत्तर जामखेडमध्येच आहे. तिथल्या सेविका नियमित केंद्रावर जमायच्या, आठवड्यात काय घडलं ते सांगायच्या, नवीन शिकून परत जायच्या. त्यांच्या मागे शिकवणारी, नोंदी तपासणारी, अडचणीला धावून जाणारी माणसं होती. गडचिरोलीतही तेच. सरकारी व्यवस्थेत साधारण हजार लोकांमागे एक आशा आहे, पण तिच्या मागे असं कुणी नाही. तिला प्रशिक्षणाला बोलावतात, सही घेतात, पुस्तिका देतात. तिनं आणलेल्या नोंदींतून अर्थ काढून “तुझ्या वस्तीत या महिन्यात हे बदललंय, आपण असं करू” असं सांगणारं कुणी नाही. पदवीधराची जागा नेमकी तिथं आहे. आशाच्या डोक्यावर अधिकारी म्हणून पदवीधर नको, पाठीशी शिक्षक म्हणून हवा.

मग ही पदवी आजवर रुजली का नाही? छत्तीसगडनं २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. त्यातून बाहेर पडणारा डॉक्टर म्हणवून घेणार की नाही, यावर वाद पेटला. नावं बदलली, कोर्टकचेऱ्या झाल्या, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. पुढे त्याच मुलांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेमलं, आणि २०१० च्या अभ्यासात दिसलं की नेहमीच्या आजारांवर उपचार करण्यात ते एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीनं उतरत होते. आसामनंही असाच अभ्यासक्रम काढला. त्यामागचा २००४ चा कायदा उच्च न्यायालयानं रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. मात्र त्या पदविकाधारकांना सामुदायिक आरोग्य कर्मचारी म्हणून काम करू देणारा २०१५ चा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळानं बी.एस्सी. कम्युनिटी हेल्थला मंजुरी दिली होती. संसदेच्या स्थायी समितीनं आधी तो प्रस्ताव नाकारला होता, डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता, आणि मंजुरी मिळूनही अभ्यासक्रम देशभर उभा राहिला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य सेवा देणाऱ्यांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली.

या सगळ्या इतिहासात मला एकच धागा दिसतो. प्रत्येक वेळी अभ्यासक्रम आधी काढला आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न नंतर आला. कामाची चौकट ठरलेली नसल्यानं सगळी चर्चा “हा डॉक्टर आहे का” या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. भरडली गेली ती तीन-तीन वर्षं शिकलेली मुलं.

खेड्यातल्या माणसाला अर्धा डॉक्टर का, असं डॉक्टरांची संघटना विचारते. तो प्रश्न रास्त आहे. खेड्यातल्या बाईला पूर्ण शिकलेला डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी हे सगळं मिळालंच पाहिजे. सामुदायिक आरोग्याच्या पदवीधरानं नावामागे डॉक्टर लावू नये, दवाखाना थाटू नये. ठरवून दिलेली मोजकी औषधं, रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांचा पाठपुरावा, धोक्याची लक्षणं ओळखून वेळेत वर पाठवणं, आणि त्याहून मोठं काम म्हणजे गावाच्या आरोग्याचा हिशेब ठेवणं. ही चौकट सेवानियमांत लिहिलेली असेल तर भांडणाला जागा उरत नाही.

खुर्ची करायला नवीन इमारत लागत नाही. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत. केंद्राच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत या पदासाठी बी.एस्सी. कम्युनिटी हेल्थचं नाव आहे. आपल्याकडे मात्र आयुर्वेदाचे आणि नर्सिंगचे पदवीधर घेतले जातात, त्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण दिलं जातं आणि कंत्राटावर नेमलं जातं. त्यातल्या अनेकांनी मनापासून काम केलेलं मी पाहिलं आहे. पण जो आयुर्वेदाचा डॉक्टर व्हायला वर्षानुवर्षं शिकला, त्याचं लक्ष स्वतःच्या दवाखान्याकडे जाणारच. कंत्राटावर असलेल्या माणसाला गावाची दहा वर्षांची योजना करता येत नाही. त्याला पुढच्या आदेशाची चिंता असते.

म्हणून माझी मागणी अशी. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा निकष आहे. अशा प्रत्येक उपकेंद्रावर सामुदायिक आरोग्याच्या पदवीधराचं एक कायम पद मंजूर व्हावं. आज कंत्राटावर काम करणाऱ्यांना त्यात सामावून घेण्याची वाट असावी. पदाला वर जायला पायऱ्या असाव्यात: उपकेंद्र, मग तालुका, मग जिल्ह्याचं साथरोग आणि नियोजनाचं काम. पदवीच्या काही जागा आशा, एएनएम आणि आरोग्यसेवकांसाठी राखीव असाव्यात, त्यांना पगारी रजा मिळावी. आशा म्हणून दहा वर्षं घरोघर फिरलेली बाई शिकायला बसली तर वर्गातल्या शिक्षकालाही तिच्याकडून पुष्कळ घेता येईल.

मग पदवी काढावी, आणि ती जिल्ह्यातच शिकवावी, मराठीतून. पहिल्याच महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाव मिळावं आणि शेवटपर्यंत तेच गाव असावं. पहिल्या वर्षी घरोघरचं सर्वेक्षण, शरीरशास्त्र, पोषण आणि पाणी. दुसऱ्या वर्षी साथींचा शोध, संख्याशास्त्र, माता-बाल आरोग्य, मानसिक आरोग्य. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिलेल्या माणसाला हा शेवटचा विषय ऐच्छिक वाटणार नाही. तिसऱ्या वर्षी कायदे, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक, ग्रामसभेत बोलणं, आणि गावातल्या एका खऱ्या प्रश्नावर वर्षभर काम. आमच्या जिल्ह्यात एक हंगाम फडावर काढणं सक्तीचं असावं. गाव सहा महिने जिथं राहतं, तिथं गावाचा आरोग्य कार्यकर्ता गेलाच पाहिजे. शेवटची परीक्षा कागदावर अर्धी आणि त्या गावात अर्धी व्हावी.

तोवर पालकांना मी चार गोष्टी विचारून यायला सांगते. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? पास झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते? मागच्या तुकडीतली मुलं आज नेमकी कुठं आणि कोणत्या पदावर आहेत? प्रत्यक्ष काम कोणत्या गावांत, कोणाच्या देखरेखीखाली करायचं? याची लेखी उत्तरं मिळाली तर जरूर प्रवेश घ्या. पुढे सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. करता येतं, संस्थांमध्ये आणि संशोधन प्रकल्पांत काम मिळतं. उत्तरं मिळाली नाहीत तर शेत गहाण टाकून फी भरू नका. नर्सिंगला जा, तिथून सामुदायिक आरोग्याकडे वळता येतं.

पैसे कुठून आणायचे, असं विचारलं जाईल. आज एक बाई अनावश्यक शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून उचल घेते, तेव्हाही पैसे खर्च होतातच, फक्त ते तिच्या घामातून जातात. साथ आल्यावर टँकर, पथकं, सलाईन यांवर सरकारचेही जातात. तो खर्च होऊ नये म्हणून आधीच एका माणसाचा पगार देणं सरकारला आणि त्या बाईला, दोघांनाही स्वस्त पडेल.

नवी पदं मंजूर करणं राज्य सरकारच्या हातात आहे, त्यासाठी एक शासन निर्णय लागतो. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांनी एकत्र बसून तो काढावा, सेवानियम त्याच दिवशी जाहीर करावेत आणि विद्यापीठाला अभ्यासक्रम त्यानंतर लिहायला सांगावा. सगळ्या राज्यात एकदम जमत नसेल तर एका जिल्ह्यापासून सुरुवात करावी. तो जिल्हा बीड असावा.